मथुराकाकूंची संमती

"काकू, माइकजवळ या, मनातलं बोला. तुमचा आवाज मी सरकारच्या कानावर घालतो," असं संघटनेचा निरंजन म्हणाला होता, आणि मथुराकाकू धरणाविरुद्ध तासभर बोलल्या होत्या.

आता सही-अंगठा बंद होऊन आवाजच पुरावा धरला जाई. आज कचेरीतल्या यंत्रातून त्यांचाच आवाज आला, "गाव सोडायला माझी हरकत नाही." मधला खोकलासुद्धा त्यांचाच होता.

"सोमवारी घरूनच नोंदवलीत संमती," साहेब म्हणाले.

"सोमवारी माझं मौन असतं. हे गेले तो सोमवारच होता, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही."

"यंत्राला व्रतवैकल्यं कळत नाहीत, मावशी."

साहेबांशेजारी गळ्यात सरकारी ओळखपत्र घातलेला निरंजन बसला होता. "यंत्राला शिकवायला आवाज मीच दिले, काकू," तो खाली बघत म्हणाला. "सगळ्या गावाचे."

काकूंनी त्याला बोल लावला नाही. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या मैत्रिणीला, भागीरथीला, त्यांनी शब्द दिला होता, की तुझं घर जाणार असेल तर ते तुला माझ्याच तोंडून कळेल. त्या उठल्या, पदर सावरला आणि भागीरथीच्या घराकडे चालू लागल्या.