पहिली हाक

डोलवीच्या कारखान्यातला जुना मेल सर्व्हर कोणाचीही मेल घ्यायचा आणि कुठेही पोचती करायचा, धर्मशाळाच ती. नव्व्याण्णव सालच्या त्या दुपारी रोह्याच्या सुरभीने त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली आणि दार लावून घेतलं. आता फक्त कंपनीतल्या माणसांचंच ऐकायचं. चाचणीपुरती तिने एक गंमत केली होती. तिच्या नावाने मेल आली की सर्व्हरने आपणहून उत्तर धाडायचं: "ओ."

काम उरकल्यावर तिने फोनची तार काढली, म्हणजे बाहेरून मेल यायची वाटच बंद. बाकीचे कॉम्प्युटर बंदच होते. खिडकीबाहेर धरमतरच्या खाडीला भरती लागली होती, आणि पाण्याचा उजेड छतावर हळूहळू हलत होता. तिचे डोळे जडावले.

तेवढ्यात एक मेल आली. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत इंग्रजी अक्षरांत एकच शब्द: सुरभी.

चहा घेऊन आलेला गुणाजी शिपाई पडद्याकडे बघत राहिला. तो मिठागरवाल्यांतला.

"बाय, पयल्या हाकेला ओ देऊ नको," तो हलकेच म्हणाला. "आपला मानूस तीनदा हाक मारतो. खाडीवरचं एकदाच मारतं."

सुरभीने हसून हात मांडीवर घेतले. दोघं दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. चहावर साय धरली.

दुसरी मेल आली. तिच्यात नाव नव्हतं. "आले," एवढंच होतं.

"तू ओ दिलीस?" गुणाजीने विचारलं.

"नाय," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला आठवलं, सर्व्हरला आपण काय शिकवलंय ते.