परक्यांची नजर

सकाळपासून आमचे नवे सर्व्हर ‘तयारी सुरू आहे’ म्हणत नुसते अडून बसले होते. दुपारपासून अल्माटीच्या रुग्णवाहिकांना पत्ते त्यांच्यावरूनच जाणार होते. मी नेटवर्क तपासलं, सगळं पुसून पुन्हा उभं केलं, तरी तेच. शेवटी लॉगमध्ये कारण दिसलं: काल जगाला खुलं असलेलं आमचं कोडचं भांडार आज प्रायव्हेट झालं होतं, आणि सर्व्हरना कोड उतरवून घेता येत नव्हता. “दौरेन-आगा, हे कुणी बंद केलं?” आमचे हे साहेब नजर उतरवायला अद्रास्पान या रानझुडपाची सुकी जुडी पेटवून ऑफिसभर धूर फिरवत होते. “मीच. आपला कोड अजून तान्हं बाळ आहे; ते चाळीस दिवस कुणी परक्यांना दाखवतं का? दृष्ट लागते, पोरी.” माझं डोकंच फिरलं. “अहो आगा, नजरेच्या धास्तीनं दार लावलंत आणि बाळाच्या आईलाच, आपल्याच सर्व्हरना, बाहेर ठेवलंत!” आगांनी धुमसती जुडी विझवली, तीही माझ्याच चहाच्या कपात.