देवनळाच्या मुळ्या

तलावाच्या पाळीवर नाना वाणांचा देवनळ होता; या उंच, बोरूसारख्या गवताच्या मुळ्या बांधाची माती धरून ठेवत. नत्थुजी पाटलांनी तो उपटून त्यातल्या एकाच देखण्या बेटाच्या मुळ्या सगळीकडे लावल्या. एकसष्ट साली रोग पडला. सारा एकाच वाणाचा, सारा एकदम वाळला आणि पाळ ढासळू लागली. जुना सरमिसळ नळ जगला तो फक्त खालच्या डबक्यात, बौद्धपुऱ्याच्या पाणवठ्यावर.

पाटील बौद्धपुऱ्यात डोमाजीच्या दारात आले. "पाळ फुटली त गाव बुडते. तुमच्या डबक्यातल्या मुळ्या देऊन दे बाप्पा."

डोमाजी आणि त्याची बायको चतुराबाई दिवसभर तलावात पाळीलगत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मुळ्या लावत होते. उन्हं उतरताना तहानेल्या चतुराबाईनं ओंजळ भरली.



पाळीवरून पाटील ओरडले, "अवं, काय करून राहिली? तलाव बाटते ना!"