लेखनिकाचा जबाब

‘स्वयंसेवेमुळे युवकांमध्ये नेतृत्व व निर्णयक्षमता विकसित होते,’ असे कॉलेजचे परिपत्रक सांगत होते. ते लिहिणारा कधी अंध परीक्षार्थीचा लेखनिक झाला नसावा. लेखनिकाने नेतृत्व चपलांसोबत दाराबाहेर ठेवायचे असते आणि कानी पडेल तेवढेच कागदावर उतरवायचे असते.

पर्यवेक्षिका कर्णिकबाईंना हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच इतिहासाच्या पेपरात अकरावीतली मृण्मयी लिहिता लिहिता थबकली, तेव्हा त्यांची नजर तिच्यावर खिळली.

“थांबलीस का गं? शाई संपली की माझी अक्कल?” बारावीची वैजयंता हसत म्हणाली. तिला दिसत नव्हते, पण पेनाची करकर थांबलेली तिला लगेच कळली.

“काही नाही, ताई. सांग तू पुढचं,” म्हणत मृण्मयीने ओळ पुरी केली. तिचे डोळे भरून आले होते.

स्वतःच्या मनाचे उत्तर लिहिल्याशिवाय पोरगी रडेल कशाला, असा बाईंनी तर्क केला. घंटा होताच त्यांनी वैजयंताला बाहेर बसवले. कॉपी सिद्ध झाली तर तिचे वर्ष वाया जाणार होते. हे बाईंनी आधीच स्पष्ट सांगितले. त्यांनी मृण्मयीपुढे कोरा कागद सरकवला.

“खरं काय ते लिही, बाळ.”

मृण्मयीने लिहिले: “सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं साल ताईनं चुकून अठराशे सदतीस सांगितलं. महिनाभर मीच तिला त्र्याहत्तर वाचून दाखवलं होतं. तरी तिनं सांगितलं तेच मी लिहिलं. कृपया तिला सांगू नका.”