एकसारखं गरम

परसात हॉट टब बसवायचा, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको म्हणाली, "अवो, अंघोळीला बंब हाय की!" साथ दिली ती फक्त वडिलांनी. आबा माझ्याबरोबर थेट पुण्याच्या दुकानात आले. मी दिव्यांचे रंग आणि मानेखालच्या उशा बघत बसलो. आबांनी टबात हात घालून खोली मापली आणि विचारलं, "पाणी एकसारखं गरम ऱ्हातं का, का मधीच गार पडतं?" या वयातली त्यांची हौस बघून मला भरून आलं.

टब बसला त्या रविवारी कंपनीतल्या मित्रांना भांडगावला बोलावलं. नवी चड्डी घालून, पोट आत ओढून, मी ऐटीत परसात आलो. निळे दिवे लागले होते, बुडबुडे येत होते आणि टबात काठोकाठ लागवडीच्या उसाच्या कांड्या भरल्या होत्या.

"गरम पाण्यातनं काढून लावला की उसाला रोग येत न्हाई," एक तरंगती कांडी खाली दाबत आबा म्हणाले.

मग माझ्या नव्या चड्डीकडे बघत म्हणाले, "तुझ्यापुरता बंब पेटवलाय."