पहिलं अक्षर

वाचनालयाच्या पायऱ्या चढताना त्यांचा उजवा पाय दर पायरीला मागं राहत होता आणि ती दर पायरीला त्याची वाट बघत होती. तसं पाहिलं तर या पायऱ्या त्यांच्या पायाखालच्याच. निवृत्त होईपर्यंत इथले ग्रंथपाल म्हणून ते रोज त्या चढले. ती मात्र इतक्या वर्षांत इकडं फिरकली नव्हती. सरकारपुढं हात न पसरता नुसत्या सभासदांच्या जिवावर शंभर वर्षं तगलेल्या या वाचनालयाचं गावाला मोठं कौतुक होतं. तिच्या लेखी वाचनालय म्हणजे तिची सवत होती. आज ती सवतीच्याच दारात पदरात काही पडतंय का बघायला आली होती.

झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, त्यांचा जीव जिथं रमायचा तिथं एकदा न्या. समोर एकेक वस्तू धरा, पहिलं अक्षर तुम्ही म्हणा आणि पुढचं त्यांना सुचू द्या. घरात तिनं भांड्याकुंड्यांपासून सगळं धरून पाहिलं होतं. चमचा दाखवून 'च, च' करता करता तिचीच वाचा बसायची वेळ आली. ते शांतपणे तिच्याकडं बघत राहायचे, जणू तो शब्द तिलाच येत नव्हता.

तिला फार काही नको होतं. गप्पा नकोत, चार गोड शब्द नकोत. तिचं नावही नको, ते त्यांनी लग्नानंतर कधी घेतलंच नव्हतं. तिला नुसतं 'अगं' हवं होतं. 'अगं, चष्मा.' 'अगं, दार लाव.' त्यांचं घरातलं सगळं बोलणं एवढ्यात आटपायचं. तेव्हा त्या 'अगं'नं तिच्या डोक्यात तिडीक जायची, आणि 'मला काय दुसरा उद्योग नाही?' असं ती भांड्यांनाच विचारायची. आता तेवढ्या एका हाकेसाठी तिचा जीव तुटत होता.

नव्या ग्रंथपालबाई लगबगीनं उठल्या आणि त्यांनी आपलीच खुर्ची पुढं केली. ते बसले. टेबल त्यांच्या वेळचंच दिसत होतं, कार्डांच्या बारक्या खणांचं लाकडी कपाटही जुनंच दिसत होतं, आणि भिंतीवरची पत्र्याची पाटीही तीच होती, 'शांतता राखा'. ती त्यांनीच एका रविवारी घरी बसून रंगवली होती. त्या दिवशी घरातही कुणी बोलायचं नव्हतं. आत वाचायला माणसं बरीच होती, पण पंख्याशिवाय कुणी ब्र काढत नव्हतं.

तिनं टेबलावरचा शिक्का उचलून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"शि..." ती हळूच म्हणाली.

त्यांनी शिक्का फिरवून बघितला, अंगठ्यानं खालची धूळ पुसली आणि तो बरोबर शाईच्या डबीशेजारी ठेवला. हाताला सगळं आठवत होतं. तिनं पुस्तक धरलं, 'पु' म्हणून झालं. खणातलं कार्ड काढलं, 'का' म्हणून झालं. पुस्तक त्यांनी सरळ करून ठेवलं, कार्ड परत खणात गेलं, नेमकं आपल्या जागी. ग्रंथपालबाई भरल्या डोळ्यांनी बघत होत्या. रोज पेपर वाचायला येणारे एक जुने सभासद पेपर खाली ठेवून बघत होते. सगळ्या वस्तू संपल्या, तसा तिचा धीर सुटला.

ती त्यांच्यासमोर वाकली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "अहो, इकडं बघा. ही कोण? अ..."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट, ओळखीनं बघितलं. ओठ हलले. ग्रंथपालबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आता येईल, अगदी ओठांवर आलंय, असं तिला वाटलं आणि तिला राहवेना.

"म्हणा ना. अ... अहो, एकदाच म्हणा. अ..."

तिचा आवाज चढला, चिरकला, शेवटच्या कपाटापर्यंत गेला. अभ्यासाला बसलेल्या मुलींनी माना वर केल्या.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. डावा हात उठला. बोट ओठांवर आलं.

"शू," ते म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. जीभ अडखळली नाही, आवाज कापला नाही.

ग्रंथपालबाईंनी तिचा दंड धरला. त्या कुजबुजल्या, "ताई, ऐकलंत ना? सर बोलले."

ते जुने सभासद चष्मा पुसत जवळ आले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसत होतं. तिच्याकडं वाकून, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "वहिनी, सर होते तस्सेच आहेत. काही बदललेलं नाही."

ती काहीतरी बोलणार होती. पण त्यांचं बोट अजून ओठांवर होतं आणि डोळे तिच्यावर.

तिनं नुसती मान हलवली.