बार्नीची बडबड

"मागेच आहे मी, आजोबा. गुडघे आणलेत ना घरून?"

बार्नी ट्रीसीचा आवाज क्लेम पॅस्कोच्या डाव्या कानाशी आला. क्लेमने दातओठ खाल्ले, अंग आवरलं, धक्का खांद्यावर घेतला आणि उडी मारून चेंडू हवेतच झेलला. कुंपणावर ओणवलेलं अख्खं फुटस्क्रे, त्याचं गाव, ओरडलं. क्लेमचा हा शेवटचा सामना. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलायचा असतो, आणि उंच चेंडू झेलण्यात सगळ्या मेलबर्नमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या बायकोशिवाय, एडिथशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. फुटबॉल सुरू करण्याआधीच दगडखाणीत कपची उडून क्लेमचा डावा डोळा गेला होता. वरून दिसायला धड, आत नुसता काळोख. हे कळलं असतं तर संघाने त्याला घरी बसवलं असतं. विरोधकांना कळलं असतं तर त्यांनी त्याच बाजूने येऊन आडवं केलं असतं. न दिसलेल्या एका धक्क्यात माणसाची मान मोडते. एडिथ दर शनिवारी जीव मुठीत धरून कुंपणाशी उभी राहायची.

आणि वर हा बार्नी. नदीपलीकडच्या संघाचा बचावपटू, दर सामन्यात क्लेमला चिकटलेला, आणि तोंडाला खीळ म्हणून नाही. "आलो हं." "सरक म्हाताऱ्या, वाटेत उभा राहू नकोस." "बायकोने बटाटे सोलायला नाही ठेवलं वाटतं आज?" हंगामामागून हंगाम हीच टकळी. त्याचे स्वतःचे गडीसुद्धा वैतागायचे, की मेल्या, गपचूप जाऊन पाड ना त्याला. बार्नीचं नाव निघालं की एडिथ घरात कपबशा आपटायची.

घंटा झाली. क्लेमला खांद्यावर घेऊन मिरवलं. मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ सभागृहात चहा-केकला बसले. एडिथच्या शेजारी नेमकी बार्नीची बायको नोरा येऊन बसली.

"सुटलो बाई एकदाचे," एडिथ म्हणाली. "तुमच्या माणसाची बडबड ऐकून कान किटले माझे. घरी कसं सहन करता हो?"

नोरा हसायलाच लागली. "बडबड? आमचा बार्नी? अहो, त्याला चहा हवा असला तर नुसता कप पुढे सरकवतो. मला मागणी घातली तीसुद्धा त्याच्या भावाने येऊन. मैदानावरच काय अंगात येतं देव जाणे."

समोर बसलेल्या क्लेमने ते ऐकलं. त्याचा घास तोंडातच राहिला. हा आवाज आला की आपण अंग आवरायचो, हे त्याच्या आज ध्यानात आलं. आणि उजवीकडून येताना बार्नी कधी अवाक्षर बोलला नव्हता.

तो उठून बार्नीपाशी गेला. बार्नी कोपऱ्यात खाली मान घालून खात होता.

"तुला कधीपासून माहीत होतं?" क्लेमने हळूच विचारलं.

बार्नीने हातातला घास बशीत ठेवला. "पहिल्याच सामन्यात. माझ्या बापाचा एक डोळा खाणीत गेला. तोही अशीच मान वळवायचा."

"मग त्या बाजूने पाडायचंस मला."

"पाडलं की. पुष्कळदा," बार्नी पुटपुटला. "सांगून."

क्लेमने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माझं सगळं खेळणं तुझ्यामुळे झालं रे," एवढंच त्याला बोलता आलं. मागे एडिथ उभी होती. तिने डोळे पुसले आणि आपल्या वाटणीचा केक बार्नीच्या बशीत ठेवला. "कसे उपकार फेडू, भाऊ?" बार्नीचे कान लाल झाले.

निघताना सगळी मंडळी दाराशी दाटली. बार्नी गर्दीतून वाट काढत क्लेमच्या डाव्या बाजूला आला.

"पायरी आहे, आजोबा," तो म्हणाला.